पाय तयार होऊ द्या
मुलांच्या ट्रायथलॉनमधल्या धावण्याविषयी : प्रस्तावना

ट्रायथलॉन हा खेळ अजून साठीचाही झालेला नाही. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात, मिशन बेच्या किनाऱ्यावर, तिथल्या एका धावपटूंच्या क्लबने पोहणं, सायकल आणि धावणं यांची मिळून एक शर्यत घेतली. आधुनिक ट्रायथलॉनचा इतिहास तिथून मोजतात. १९७८ मध्ये हवाई बेटांवर पहिली ‘आयर्नमॅन’ झाली, २००० मध्ये सिडनीत हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला आणि २००६ मध्ये दोह्याला आशियाई स्पर्धांत. २०१० साली सिंगापूरला पहिलं युवा ऑलिम्पिक भरलं. त्यातलं पहिलंवहिलं सुवर्णपदक जपानच्या युका सातो या मुलीने जिंकलं, तेही ट्रायथलॉनमध्येच. मोठ्यांच्या हौसेतून सुरू झालेला खेळ चाळीस वर्षांच्या आत शाळकरी मुलांपर्यंत येऊन पोहोचला होता.

आपल्याकडे तो आला तो मोठ्यांच्या मार्फतच. २०१९ पासून गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर ‘आयर्नमॅन ७०.३’ होऊ लागली. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि त्यावर २१.१ किलोमीटर धावणं असा तिचा पल्ला. पुणे, कोल्हापूर, नाशिक, मुंबई इथले डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक, पोलीस वर्षभर पहाटे उठून तिची तयारी करतात. स्पर्धेच्या दिवशी त्यांची मुलं किनाऱ्यावर उभी असतात. आई पाण्यातून बाहेर येते, बाबा सायकल ठेवून धावत सुटतात, हे ती डोळे भरून बघतात आणि घरी आल्यावर म्हणतात, “मलापण करायचंय.” मग आईबाप विचारतात, की कधीपासून पळवायचं आणि किती? हे पुस्तक त्या प्रश्नाचं उत्तर आहे. ते पालकांसाठी आहे, शाळेतल्या पीटीच्या शिक्षकांसाठी आहे, आणि तलावावर पोहायला शिकवता शिकवता ट्रायथलॉनकडे वळलेल्या प्रशिक्षकांसाठी तर नक्कीच आहे.

तीन प्रकारांपैकी धावण्यावरच वेगळं पुस्तक कशाला, असं कुणी विचारेल. पोहायला शिकायला तलाव लागतो, बॅच लागते, शिकवणारा लागतो. न शिकवता मुलाला खोल पाण्यात सोडायची कुणाची छाती होत नाही. सायकलला ब्रेक असतात, गिअर असतात, रस्त्यावर रहदारी असते. तिथेही मोठं माणूस सोबत राहतं. धावणं मात्र मुलाला येतंच, असं आपण धरून चालतो. त्यामुळे ते सगळ्यात शेवटी आठवतं आणि सगळ्यात घाईने उरकलं जातं. स्पर्धा महिन्यावर आली की कुणीतरी म्हणतं, “आता जरा रनिंग वाढवा.” मुलांच्या पायांची बरीचशी दुखणी या वाक्यापासून सुरू होतात.

आता धावताना पायावर काय येतं ते बघू. पोहताना शरीराचं वजन पाणी पेलतं, सायकलवर बरंचसं सीट पेलते. धावताना दर पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एका पायावर पडतो. तीस किलो वजनाच्या मुलाने एक किलोमीटर धावायचं म्हणजे साधारण हजारभर वेळा साठ ते नव्वद किलोंचा भार झेलायचा. मोठ्या माणसाच्या पायाने असा भार वर्षानुवर्षं घेतलेला असतो. मुलाचा पाय अजून घडतो आहे.

आपल्याकडे ट्रायथलॉनला येणारी बहुतेक मुलं तलावातून येतात, त्यामुळे हा मुद्दा आणखी महत्त्वाचा ठरतो. आठवड्यातले पाच-सहा दिवस पोहणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीचं हृदय आणि फुफ्फुसं चांगली कसलेली असतात. तिला मैदानावर आणा, पहिल्याच दिवशी ती दोन-तीन किलोमीटर न थांबता पळेल आणि फारशी धापही लागणार नाही. बघणाऱ्यांना वाटतं, ही तर तयारच आहे. पण तिची टाच, घोटा, पोटरी, नडगी यांनी असला भार कधी घेतलेलाच नसतो. पोहण्याने घोटे सैल आणि लवचिक झालेले असतात; पाण्यात तो गुण, पण जमिनीवर पाय टेकताक्षणी घोट्याला ताठपणा लागतो, तो अजून आलेला नसतो. श्वास तयार आणि पाय कच्चे, अशी ही अवस्था. श्वास लागला की मूल आपोआप थांबतं. इथे श्वास लागतच नाही, म्हणून थांबवणारं कुणी उरत नाही. पाय बोलायला लागतात ते दोन-तीन आठवड्यांनी, आणि तोवर उशीर झालेला असतो. पाय तयार होईपर्यंत अंतर थांबवून धरा, एवढंच या पुस्तकाचं म्हणणं आहे. पुढची सगळी प्रकरणं त्याचाच तपशील आहेत.

याचा अर्थ मुलांना धावण्यापासून लांब ठेवायचं असा कुणी घेऊ नये. हाडांना बळ येतं ते भार घेतल्याने. माणसाच्या हाडांतला बहुतेक साठा विशीच्या आत जमा होतो, आणि पोहणं व सायकल हे दोन्ही हाडांना फारसा भार देत नाहीत. म्हणून पोहणाऱ्या मुलाला धावण्या-उड्या मारण्याची गरज इतरांपेक्षा जास्तच असते. प्रश्न मात्रेचा आहे. थोडं-थोडं, वारंवार आणि नाना प्रकारांनी.

मुलांच्या हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा मऊ थर असतो. उंची वाढते ती तिथून. स्नायूंचे कंडरे हाडाला जिथे चिकटतात त्या जागाही या वयात अशाच नाजूक असतात. आठ ते चौदा वर्षांच्या धावत्या-खेळत्या मुलांमध्ये टाचेच्या मागच्या भागात दुखणं सर्रास आढळतं. डॉक्टर त्याला सेव्हरचं दुखणं म्हणतात. दहा ते पंधराच्या दरम्यान गुडघ्याखाली, नडगीच्या वरच्या टोकाला टेंगूळ येऊन दुखू लागलं तर ते बहुधा ऑसगूड-श्लाटर असतं. दोन्ही वाढीची दुखणी आहेत, दोन्ही भार कमी केल्यावर बरी होतात, आणि दोन्हींत ‘थोडं दुखेल, सहन कर’ हा सल्ला चुकीचा आहे. घराचा स्लॅब टाकल्यावर तो वरून कडक दिसला तरी गवंडी सेंट्रिंग काढायची घाई करत नाही, पाणी मारत दिवस मोजतो. मुलांच्या पायांबाबत तेवढाच धीर हवा.

उंचीची झेप साधारण मुलींत बाराव्या वर्षाच्या आणि मुलांत चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत मोठी असते. या काळात हाडं आधी लांब होतात, स्नायू मागून येतात. कालपर्यंत सफाईने धावणारी मुलगी अचानक अडखळू लागते, वेळ घसरते, तिचा उत्साह जातो. तिने आळस केलेला नसतो, तिचे पाय लांब झालेले असतात. यावर एक फुकटचा उपाय आहे. घरातल्या दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी पेन्सिलीने उंचीची खूण करा आणि तारीख लिहा. दोन खुणांमधलं अंतर एकदम वाढलं, की पुढचे काही महिने धावण्याचं अंतर आणि जोर दोन्ही कमी ठेवा. त्याऐवजी तोल, उड्या, धावण्याची ढब यांवर भर द्या.

टीव्हीवर मोठ्यांच्या शर्यती बघणाऱ्यांना हा सल्ला मिळमिळीत वाटण्याचा संभव आहे. कारण ऑलिम्पिकची ट्रायथलॉन बहुधा धावण्यातच जिंकली जाते. लंडनला २०१२ मध्ये ॲलिस्टर ब्राऊनलीने दीड किलोमीटर पोहून आणि सुमारे ४० किलोमीटर सायकल मारून त्यावर १० किलोमीटर २९ मिनिटं ७ सेकंदांत धावून सुवर्ण घेतलं. पॅरिसला २०२४ मध्ये न्यूझीलंडचा हेडन वाइल्ड पुढे होता. ब्रिटनच्या ॲलेक्स यीने त्याला शेवटच्या काही शे मीटरमध्ये गाठलं आणि सहा सेकंदांनी मागे टाकलं. असं काही पाहिलं की प्रशिक्षकाच्या मनात येतं, धावणं पक्कं करायचं तर लहानपणापासून किलोमीटर घालायला हवेत.

पण हे खेळाडू घडले कसे ते पाहावं. ॲलिस्टर ब्राऊनली आणि त्याचा भाऊ यॉर्कशरच्या डोंगराळ मुलुखात वाढले. चिखल, गवत, चढउतार यांवरून धावणं हा त्यांच्या लहानपणाचा भाग होता. बर्म्युडाची फ्लोरा डफी लहानपणीच ट्रायथलॉनमध्ये आली हे खरं, पण २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये शर्यत अर्धवट सोडावी लागल्यावर ती काही काळ खेळापासून दूर गेली, अभ्यासाकडे वळली, परतली, आणि तिने आपल्या देशाला पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं ते २०२१ मध्ये, तोक्योला, वयाच्या ३३ व्या वर्षी. त्याच तोक्योत पुरुषांचं सुवर्ण घेणारा क्रिस्टियन ब्लुमेनफेल्ट नॉर्वेचा. त्या देशाच्या क्रीडा महासंघाने मुलांच्या खेळासाठी नियमच करून ठेवले आहेत : अकरा वर्षांपर्यंत निकालाच्या याद्या आणि क्रमवारी नाही, तेरा वर्षांपर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. ब्लुमेनफेल्टचं सुवर्ण या नियमांमुळेच आलं असा माझा दावा नाही. मात्र मुलांना लवकर क्रमांक न देणारा, पंचावन्न लाखांच्या आसपास वस्तीचा देश खेळात मागे राहिलेला नाही, एवढं तरी नक्की म्हणता येतं.

आपल्या देशातली दोन उदाहरणं या विषयावर लिहिताना टाळता येत नाहीत. मे २००६ मध्ये ओडिशातला बुधिया सिंग हा जेमतेम चार वर्षांचा मुलगा भुवनेश्वर आणि पुरी यांदरम्यान सुमारे ६५ किलोमीटर धावला. देशभर कौतुक झालं, कॅमेरे लागले. नंतर डॉक्टरांनी तपासलं तेव्हा मुलाचं पोषण कमी पडत असल्याचं आणि त्याच्या शरीरावर ताण आल्याचं पुढे आलं, आणि सरकारने त्याच्या लांब पल्ल्याच्या धावण्यावर बंदी घातली. त्या मुलाच्या पायांत जे होतं ते फुलायला अवधीच मिळाला नाही. टाळ्या वाजवणाऱ्या आपणा सगळ्यांचा त्यात वाटा होता, असं मला वाटतं.

दुसरं उदाहरण बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं. वाहन नव्हतं, म्हणून लहानपणी तो सहा किलोमीटरवरच्या शाळेत कधी चालत, कधी पळत जायचा. त्यात घड्याळ नव्हतं, प्रशिक्षक नव्हता, पदक नव्हतं. बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, आणि शर्यतींकडे गंभीरपणे वळला तो विशी ओलांडल्यावर. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्य जिंकलं. गरिबीतली पायपीट मुलांच्या नशिबी यावी असं कुणीच म्हणणार नाही. मात्र रोज थोडं, आपल्या चालीने, कुणी हाकलत नसताना झालेलं धावणं पायांत मुरतं आणि पुढे उपयोगी पडतं, हे त्या उदाहरणातून घेण्यासारखं आहे.

मग मुलांना धावायला शिकवायचं कसं? महाराष्ट्राला यासाठी बाहेर बघावं लागत नाही. खो-खोचे नियम गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधून दिले. त्या खेळात काय नाही? बसल्या जागेवरून झटक्यात उठून वेग घेणं, हुलकावणी, खांबाला वळसा, एकदा दिशा धरली की परत न फिरता आल्यामुळे डोकं शाबूत ठेवून धावणं. लंगडी तर धावपटूच्या पायासाठीच केलेला खेळ म्हणावा असा आहे. एका पायावर उड्या मारत गडी बाद करताना घोटा, पोटरी आणि टाचेचा कंडरा यांना नेमका तो ताठपणा येतो, जो तलावातून आलेल्या मुलाला हवा असतो. मोठे खेळाडू त्यासाठी व्यायामशाळेत वेगळे उड्यांचे प्रकार करतात. शिवाशिवी, विषामृत, लगोरी या खेळांत मूल दहा-पंधरा सेकंद जीव तोडून धावतं, मग श्वास घेतं, मग पुन्हा धावतं. मुलांच्या शरीराला हीच रीत मानवते. छोट्या धावेनंतर ती मोठ्यांपेक्षा लवकर सावरतात, आणि एकाच चालीने दूरवर जाणं मात्र त्यांना कंटाळवाणं होतं.

एक तास कसा असावा ते जवळून दाखवतो. शनिवारची सकाळ, साडेसहा, शाळेचं मातीचं मैदान. आठ ते दहा वर्षांची मुलं. सुरुवातीला विषामृत, त्यात अंग गरम होतं आणि पेंगणारे जागे होतात. मग शिकवणारी ताई एका मुलाला पाठमोरं उभं करते आणि बाकीच्यांना वीस मीटर मागे नेते. खेळ असा, की एकेकाने धावत यायचं आणि पाठीला हात लावायचा, पण पुढच्याला चाहूल लागता कामा नये. पहिला मुलगा दाणदाण पाय आपटत येतो, पुढचा लगेच “कळलं!” म्हणून ओरडतो. दुसरी मुलगी चवड्यांवर येते, पण इतकी वाकून की मध्येच तोल जातो. तिसरा अंग सरळ ठेवतो, पावलं आखूड टाकतो, पाय आपल्याच अंगाखाली पडू देतो आणि आवाज न करता पोहोचतो. ताई फक्त विचारते, “याने काय वेगळं केलं?” उत्तरं मुलंच देतात. धावण्याच्या ढबीचा अर्धा पाठ इथे झाला, आणि ‘गुडघा उचल, हात असा ठेव, मान सरळ’ अशी एकही सूचना द्यावी लागली नाही. त्यानंतर लंगडी, मग चौघाचौघांची रिले, शेवटी सगळ्यांनी गप्पा मारत मैदानाची एक फेरी. बोलता बोलता धावता आलं तर चाल बरोबर आहे, हे मुलांना तिथेच समजतं. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत सगळं संपतं, आणि मुलं अजून खेळायचं म्हणून मागे लागलेली असतात. थांबायची वेळ तीच.

आठ वर्षांखालच्या मुलांसाठी धावण्याचा वेगळा वर्ग नकोच. त्यांना मोकळं मैदान आणि सवंगडी पुरेत. आठ ते दहा या वयात आठवड्यातून दोन वेळा वर सांगितल्यासारखा तास. अकरा-बाराला तीन वेळा, त्यात एखादा दिवस टेकडीवर किंवा शेतातल्या पायवाटेवर. तेरानंतर सलग वीस-तीस मिनिटं रमतगमत धावणं आणि आठवड्यातून एकदा छोटे वेगवान तुकडे. ब्रिटिश ट्रायथलॉनने मुलांच्या वयोगटांसाठी ठेवलेली धावण्याची अंतरं पाहिली की नेमकी कल्पना येते : आठ वर्षांच्या मुलांना ६०० मीटर, नऊ-दहाला १२००, अकरा-बाराला १८०० आणि तेरा-चौदाला २४००. चौदा वर्षांच्या स्पर्धकालासुद्धा अडीच किलोमीटरच्या आतच धावायचं आहे. आपल्याकडे त्याच वयाच्या मुलांना दहा किलोमीटरच्या सार्वजनिक दौडीत उतरवून फोटो काढतात, तेव्हा हा आकडा आठवावा.

क्रीडावैद्यकात एक ढोबळ नियम सांगतात : मुलाचं वय जितकी वर्षं, त्यापेक्षा जास्त तास आठवड्यात संघटित सराव नको. दहा वर्षांच्या मुलाला सगळं धरून दहा तास. तलावावरच्या मुलांचे आठ-नऊ तास पोहण्यातच गेलेले असतात. त्यावर धावणं आणि सायकल चढवली की हिशोब कोलमडतो. म्हणून धावणं वाढवायचं तर पोहण्याची एखादी बॅच कमी करावीच लागते. प्रशिक्षकांना ही गोष्ट जड जाते, पालकांनाही, कारण फी भरलेली असते. तरी ती करायला हवी.

ट्रायथलॉनचं धावणं हे नुसतं धावणं नसतं, ते सायकलनंतरचं धावणं असतं. सायकलवरून उतरल्यावर पहिली काही मिनिटं पाय जड होतात, आपले वाटत नाहीत, पावलं तोकडी पडतात. मुलाला हे आधी ठाऊक नसेल तर ते घाबरतं. त्यावर उपाय म्हणजे सरावात मैदानाभोवती सायकलच्या दोन फेऱ्या, लगेच दोनशे मीटर धाव, पाणी, विश्रांती आणि पुन्हा एकदा तसंच. महिन्यातून दोन-तीनदा हे केलं तरी शरीर ते ओळखू लागतं. सायकल ठेवून धावायला निघण्याची जागाही मुलांना सवयीची करून द्यावी. नऊ वर्षांचं मूल तिथे येतं तेव्हा त्याचे हात घामेजलेले असतात. सायकल स्टँडला लावल्याशिवाय हेल्मेटचा बक्कल उघडायचा नाही हा नियम आहे, आणि नेमका तो बक्कल उघडत नाही. बाहेर उभ्या आईचा जीव वरखाली होतो, पण बाहेरच्या कुणी मदत करायची नसते, आणि करूही नये. घरी शंभरदा बक्कल लावला-काढला असेल तर बोटं आपलं काम करतात. बुटांना नाडीऐवजी इलॅस्टिक घातलं तर आणखी सोपं. असल्या बारीक गोष्टींतून मुलाला ‘माझं मी केलं’ हे समाधान मिळतं, आणि ते पदकापेक्षा जास्त टिकतं.

ज्यांना सायकल परवडत नाही किंवा रस्ता सुरक्षित नाही, त्यांच्यासाठी पोहून धावण्याची ॲक्वाथलॉन आहे. एक तलाव आणि शेजारी मैदान असलं की काम भागतं. पुण्यात बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभं राहिलं, तिथे तलाव आणि धावपट्टी दोन्ही आहेत. पण तालुक्याच्या गावी नगरपालिकेचा तलाव आणि शाळेचं मैदान एवढ्यावरही हा खेळ सुरू होतो.

बुटांविषयी थोडं. कपडे वाढत्या अंगाचे घेतले तर चालतात, बूट वाढत्या मापाचे चालत नाहीत. ढिल्या बुटात पाय मागेपुढे सरकतो, बोटं आवळली जातात आणि धावण्याची ढब बिघडते. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा पुरे. महागडे, कार्बनची पट्टी घातलेले बूट मुलांना नकोत. आणि स्वच्छ गवतावर अधूनमधून अनवाणी धावणं चांगलंच. उन्हाचं मात्र फार जपावं. वजनाच्या मानाने मुलांच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा असतो आणि घाम कमी येतो, त्यामुळे कडक उन्हात ती लवकर तापतात. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात सकाळी सातनंतर धावण्याचा सराव ठेवूच नये. उपाशीपोटी पळवू नये. एखादं केळं, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाणे यांनी काम होतं. नंतरच्या न्याहरीत अंडं, उसळ, नाचणी, दूध यांपैकी जे घरात असेल ते.

मुलींविषयी स्वतंत्र प्रकरण आहे, कारण बारा-तेरा वर्षांच्या झाल्या की त्या मैदानावरून हळूहळू नाहीशा होतात. पाळी सुरू होते, अंग भरतं, कुणीतरी बघतं, कुणीतरी बोलतं, बदलायला खोली नसते. यातल्या कशाचाही संबंध तिच्या धावण्याच्या क्षमतेशी नाही, आणि यातला प्रत्येक अडसर मोठ्यांना दूर करता येतो. प्रशिक्षकाने मुलीच्या आईशी मोकळेपणी बोलावं, योग्य मापाची स्पोर्ट्‌स ब्रा ही बुटांइतकीच गरजेची आहे हे सांगावं, आणि पाळी लांबली किंवा बंद झाली तर ती ‘चांगल्या सरावाची खूण’ न समजता डॉक्टरांकडे पाठवावं. बहुधा खाणं कमी पडत असतं. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. १९८४ मध्ये पी. टी. उषा धावली, त्यानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिली भारतीय स्त्री. दुष्काळी भागातल्या गावातून ती तिथवर गेली, कारण तिचं धावणं तेराव्या वर्षी थांबलं नाही.

शाळांकडे माझं एक कळकळीचं मागणं आहे. उशीर झाला, मैदानाला पाच फेऱ्या. गृहपाठ नाही, दोन फेऱ्या. ही शिक्षा आपल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ज्या गोष्टीची मुलांना गोडी लागावी असं आपल्याला वाटतं, तीच आपण दंड म्हणून वापरतो. यामुळे कितीतरी मुलांच्या मनात धावणं आणि अपमान यांची गाठ पक्की बसली आहे. ही शिक्षा आजपासून बंद करा. वार्षिक क्रीडामहोत्सवात पहिल्या फेरीतच बाद होऊन दिवसभर नुसती बसून राहणाऱ्या मुलांसाठी एखादी अशी दौड ठेवा, जिच्यात सगळे धावतील आणि कुणी बाद होणार नाही.

पालकांनी शर्यतीनंतर कितवा आलास हे विचारण्याआधी कसं वाटलं हे विचारावं. स्वतःच्या घड्याळातले आकडे मुलाच्या मनगटावर बांधू नयेत. मूल लंगडत असेल, तर शर्यत कितीही जवळ असो, धावणं थांबवावं. लंगडत धावणाऱ्या मुलाला प्रोत्साहन देणं हा गुन्हा समजावा. आणि एखाद्या हंगामात मूल म्हणालं की मला यंदा कबड्डी खेळायची आहे, तर खुशाल खेळू द्यावं. त्या पायांचं काहीही वाया जात नाही.

पुढच्या पानांत वयोगटांप्रमाणे खेळ, आठवड्यांचे आराखडे, दुखण्यांची लक्षणं आणि स्पर्धेच्या दिवसाची तयारी असं सगळं आलं आहे. आराखडे हे कमाल मर्यादा म्हणून वाचावेत. त्याहून कमी केलं तर काही बिघडत नाही, जास्त केलं तर बिघडू शकतं. या पुस्तकाचा उपयोग झाला की नाही हे पुढच्या वर्षीच्या पदकांवरून ठरवू नका. आज आठ-दहा वर्षांची असलेली मुलं अठरा वर्षांची होतील, कुणी ट्रायथलॉन करत असेल, कुणी सोडलेलं असेल. त्यांच्यातली बहुतेक जण तेव्हाही आपल्या खुशीने, न दुखणाऱ्या पायांनी धावत असतील, तर आपण सगळ्यांनी मिळून हे काम नीट केलं असं म्हणता येईल. त्यासाठी लागणारा धीर या पुस्तकाच्या वाचकांपाशी आहे असा मला विश्वास आहे.